मुस्लिम सणांतील पारंपरिक खाद्यपदार्थ : सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सण आणि अन्न यांचे नाते सर्वच समाजांत घनिष्ठ असते. सणाचा धार्मिक आशय ग्रंथांत सापडतो. परंतु त्या सणाचे लौकिक रूप स्वयंपाकघरात घडते. महाराष्ट्रातील हिंदू सणांच्या खाद्यसंस्कृतीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने मुस्लिम सणांच्या खाद्यपदार्थांचा विचार बहुधा 'शीरखुर्मा आणि बिर्याणी' या दोन नावांपाशीच थांबतो. हे पदार्थ बाहेरून आले, ते धर्माने ठरवून दिले आणि जगभरातील मुस्लिम ते सारखेच खातात, अशी एक ढोबळ समजूत त्यामागे असते.

ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. इस्लामी धर्मशास्त्राने सणाच्या दिवशी अन्न कोणाला व केव्हा पोहोचवावे यासंबंधी नियम केले. काय शिजवावे हे मात्र मुख्यतः त्या त्या प्रदेशातील धान्याने, हवामानाने आणि शेजाराने ठरवले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनाचा मुख्य आधार सोलापूर जिल्हा व त्यातील श्रीपूर-अकलूज-पंढरपूर हा परिसर असून तुलनेसाठी कोकण तसेच अन्य देशांतील उदाहरणे घेतली आहेत.

धर्मशास्त्राचे नियम : पाककृती नव्हे, वाटप

मुस्लिम समाजाच्या प्रमुख ईदी दोन : रमजान महिन्याच्या उपवासांनंतर शव्वाल महिन्याच्या पहिल्या दिवशी येणारी ईदुल फित्र (रमजान ईद) आणि जिलहिज महिन्याच्या दहाव्या दिवशी येणारी ईदुल अजहा (बकरी ईद). या दोन्ही दिवसांच्या भोजनासंबंधी हदीस वाङ्मयात जे संकेत आढळतात, ते थोडे आणि साधे आहेत. रमजान ईदच्या नमाजाला निघण्यापूर्वी पैगंबर विषम संख्येने खजूर खात असत. तर बकरी ईदच्या दिवशी नमाज होईपर्यंत काही न खाता परतल्यावर कुर्बानीतील मांस खात असत. रमजान ईदची सकाळ गोड पदार्थाने सुरू होते आणि बकरी ईदचे भोजन मांसाभोवती रचले जाते, त्याचे मूळ या संकेतांत आहे.

याउलट वाटपाचे नियम तपशीलवार आहेत. रमजान ईदच्या नमाजापूर्वी कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे 'फित्रा' द्यावा लागतो. त्याचे माप धान्यातच सांगितलेले आहे. खजूर वा जव असल्यास एक 'साअ' आणि हनफी पंथानुसार गहू असल्यास अर्धा 'साअ', असे ते प्रमाण होय. भारतात साधारणपणे पावणेदोन ते दोन किलो गव्हाची किंमत धरून ही रक्कम दिली जाते. गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. बकरी ईदच्या मांसाचे कुटुंब, आप्तेष्ट-शेजारी आणि गरीब असे तीन वाटे करणे इष्ट मानले जाते. म्हणजेच शास्त्राची दृष्टी ताटातील पदार्थापेक्षा ताटाच्या वाटेकऱ्यांवर अधिक आहे. पदार्थाच्या बाबतीत स्थानिक परंपरेला मोकळीक मिळाली ती यामुळेच.

चांद्र कालगणना आणि साठवणीचे जिन्नस

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून त्याचे दिवस ३५४ किंवा ३५५ असतात. हिंदू पंचांगात अधिक मास धरून चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घातला जातो. हिजरी गणनेत तशी तरतूद नाही. परिणामी ईद दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. २००० साली रमजान ईद जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, अशी दोनदा आली. २०१५ साली ती जुलैत, ऐन पावसाळ्यात आली, तर २०२५ साली ३१ मार्च रोजी साजरी झाली.

या फरकाचा खाद्यपदार्थांवर झालेला परिणाम लक्षणीय आहे. हिंदू सण ऋतूशी बांधलेले असल्याने त्यांचे पदार्थही हंगामाशी बांधलेले आहेत; संक्रांतीचा तीळगूळ किंवा चैत्रातील कैरीचे पन्हे ही त्याची परिचित उदाहरणे होत. ईदचा पदार्थ मात्र थंडीत, उन्हाळ्यात व पावसाळ्यातही तितक्याच सहजतेने करता आला पाहिजे. म्हणूनच त्याचे जिन्नस बहुधा वाळवलेले आणि टिकाऊ असतात : शेवया, खारीक, बेदाणे, चारोळी, खसखस, गहू, डाळी. ज्या पदार्थाला हंगाम लागतो, तो फिरत्या सणाचा कायमचा पदार्थ होणे कठीण असते.

शेवयांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ईद कोणत्याही महिन्यात येवो, घरच्या शेवया उन्हाळ्यातच होतात. पापड, कुरडया, सांडगे यांच्याबरोबर शेवया करून वाळवणे हे महाराष्ट्रातील स्त्रियांचे वर्षाच्या बेगमीचे काम आहे. ते हिंदू घरांत चालते तसेच मुस्लिम घरांतही चालते. त्याच गव्हाच्या त्याच शेवयांची एका घरी खीर होते आणि दुसऱ्या घरी शीरखुर्मा होतो. सणांच्या तारखा भिन्न असल्या, तरी त्यांची पूर्वतयारी एकाच उन्हात होते.

शीरखुर्मा : एका वाटीतील भूगोल

'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. हे दोन्ही शब्द फारसी आहेत. नावात शेवयांचा उल्लेखही नाही. आज मात्र शेवयांवाचून शीरखुर्म्याची कल्पना करता येत नाही. तुपात परतलेल्या बारीक शेवया, आटवलेले दूध, साखर, भिजवून चिरलेली खारीक, बदाम, पिस्ते, चारोळी, बेदाणे आणि वेलची, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. घरागणिक शेवयांचे प्रमाण बदलते. काही घरी तो पिण्याइतका पातळ, तर काही घरी खिरीसारखा दाट असतो.

श्रीपूर परिसरात केलेल्या शीरखुर्म्याची वाटी जिन्नसवार पाहिली, तर तिच्यात या परिसराचा आर्थिक इतिहास दिसतो. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपुरात उभा राहिला आणि साखर हे येथील घरचे पीक झाले. शेजारच्या पंढरपूर तालुक्यात द्राक्षांपासून बेदाणा तयार होतो व त्याची मोठी बाजारपेठही तेथे आहे. दूध गावचे असते. चारोळी भारतीय जंगलातील झाडाची असते. खजूर व खारीक मात्र मुख्यतः परदेशातून येते. नाव फारसी, संकेत अरबी आणि वाटीतील बहुतांश ऐवज मराठी मुलखातला, असे हे मिश्रण आहे. अशा पदार्थाला केवळ 'बाहेरचा' म्हणणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

रमजान ईदच्या गोड पदार्थाचे हेच तत्त्व अन्यत्र भिन्न रूपांत आढळते. इराकमध्ये खजुराचे सारण भरलेली 'क्लेचा' ही खुसखुशीत बिस्किटे होतात. इजिप्तमध्ये पिठीसाखर भुरभुरलेले 'काहक' केले जातात. तुर्कस्तानात या ईदला 'शेकेर बायरामी' म्हणजे साखरेचा सण असेही म्हणतात. चीनमधील हुई मुस्लिम 'यौश्यांग' नावाच्या तळलेल्या पुऱ्या करून शेजाऱ्यांना वाटतात. गोडाचा किंवा वाटपाचा धागा समान असला, तरी पीठ, स्निग्ध पदार्थ आणि कृती त्या त्या भूमीची आहे.

ज्वारीच्या मुलखातील गव्हाचा सण

सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात रोजचे अन्न ज्वारीची भाकरी हेच होते. गहू पाहुण्यांसाठी आणि सणासाठी राखून ठेवला जाई. हिंदू घरात त्या दिवशी पुरणपोळी होत असे. मुस्लिम घरातील सणाच्या पदार्थांची यादी पाहिली, तर तेथेही गहूच दिसतो : शेवया, चोंगे, मलिदा, रोट, खिचडा, हलीम. धर्म वेगळे असले, तरी 'सण म्हणजे गहू' हे समीकरण दोन्हीकडे समान आहे. याचे कारण धार्मिक नसून कृषी-आर्थिक आहे.

घाट ओलांडून कोकणात उतरल्यावर हे समीकरण बदलते. कोकणी मुस्लिमांच्या सणासमारंभांत तांदूळ आणि नारळ यांना प्राधान्य मिळते. तांदळाचा रवा व नारळाचे दूध यांपासून आंबवून व वाफवून केलेले सांदण, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वाटणाचे कालवण ही त्या प्रदेशाची ओळख होय. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई पंथाचे आहेत, तर दख्खनच्या पठारावर हनफी पंथ प्रमुख आहे. केरळातील मापिळा आणि इंडोनेशियातील मुस्लिम हेही शाफई परंपरेचेच. हा पंथ हिंदी महासागरातील व्यापारी मार्गांनी किनाऱ्या-किनाऱ्याने पसरला आणि त्याच किनाऱ्यांवर भात व माड होते. म्हणूनच इंडोनेशियात ईदला माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात ('केतुपात') नारळाच्या दुधातील कोंबडीबरोबर खाल्ला जातो, हे वाचताना रत्नागिरीच्या वाचकाला फारसे परके वाटू नये. सोलापूरच्या मुस्लिमाची सणाची थाळी कोकणी मुस्लिमाच्या थाळीपेक्षा त्याच्या हिंदू शेजाऱ्याच्या थाळीला अनेक बाबतींत अधिक जवळची आहे.

'मलिदा' या एका शब्दाचा प्रवासही हेच दाखवतो. फारसीत त्याचा अर्थ 'कुस्करलेले' असा होतो. पठारावरील दर्ग्यांत चपाती वा रोटी कुस्करून तूप-गुळात केलेला मलिदा नैवेद्यासारखा वाटला जातो. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजातही मलिदा आहे. परंतु तो पोहे, ओले खोबरे आणि साखर यांचा असतो. शब्द एकच असूनही पठारावर त्याचा अर्थ गहू आणि किनारपट्टीवर तांदूळ असा झाला. अरबीतून आलेला 'हलवा' हा शब्द शब-ए-बरातच्या रात्री चणाडाळीच्या वा रव्याच्या गोडासाठी वापरला जातो आणि संक्रांतीला नव्या सुनेच्या हलव्याच्या दागिन्यांसाठीही वापरला जातो, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मोहरम : शोकाचे अन्न

मोहरम हा आनंदाचा सण नव्हे. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन यांना आलेल्या हौतात्म्याच्या स्मरणाचे ते दिवस आहेत. त्यामुळे त्या दिवसांतील अन्नाला मेजवानीचे रूप नसून 'नियाज' म्हणजे पुण्यार्थ वाटलेल्या अन्नाचे रूप असते. करबलेत हुसेन यांच्या सोबत्यांना पाणी नाकारले गेले, या आठवणीने जागोजागी पाणी व सरबत पाजले जाते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात या काळातील वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ म्हणजे चोंगे. गव्हाच्या कणकेच्या या जाडसर गोड पोळ्यांवर नक्षी उमटवून त्या भाजतात आणि त्यांना गूळ व खसखस लावतात. दहाव्या दिवशी, म्हणजे आशुऱ्याला, गहू, विविध डाळी आणि मांस एकत्र शिजवून खिचडा केला जातो. हाच प्रकार घोटून एकजीव केला की हलीम होतो. हलीमचा पूर्वज असलेल्या 'हरीसा'ची कृती दहाव्या शतकातील बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकच्या पाकशास्त्रग्रंथात आढळते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त हरीसा आणि हलीम या दोहोंची नोंद आहे. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरला लागून असलेला आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे ध्यानात घेता या पदार्थाचा येथील परिचय स्वाभाविक ठरतो.

आशुऱ्याला अनेक धान्ये एका भांड्यात शिजवण्याची प्रथा दूरवर आढळते. तुर्कस्तानात याच दिवसाशी जोडलेली 'आशुरे' नावाची गोड खीर गहू, हरभरे, घेवडा आणि सुकी फळे यांची असते. महाप्रलय ओसरल्यावर नूह पैगंबरांच्या नौकेत उरलेसुरले धान्य एकत्र शिजवले गेले, अशी लोककथा तिच्याशी निगडित आहे. मलेशियातही 'बुबुर आशुरा' सामुदायिकपणे शिजवला जातो. आशय सामायिक आणि जिन्नस स्थानिक, हे सूत्र येथेही कायम राहते.

महाराष्ट्रातील मोहरम हा दीर्घकाळ गावाचा उत्सव होता. पंजे, ताबूत आणि सवाऱ्यांत हिंदूही सहभागी होत, नवस बोलत आणि चोंगे-मलिदा करीत. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत आजही उभयधर्मीयांच्या सहभागासाठी प्रसिद्ध आहेत. दख्खनी मुस्लिमांच्या या चालीरीतींचे विस्तृत वर्णन जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात असून हर्क्लॉट्स यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दोन्ही बाजूंनी हा सहभाग आक्रसत गेला. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये असा प्रचार पुण्यात झाला आणि त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना मिळाली. दुसरीकडे देवबंदसारख्या सुधारणावादी प्रवाहांनी ताबूत, नवस आणि त्यांच्याशी निगडित प्रथांना शास्त्राधार नसल्याचे सांगितले. अशा स्थितीत चोंग्यांसारखा पदार्थ दोन्हीकडून निराधार होतो. एका समाजाला तो आपला वाटेनासा होतो आणि दुसऱ्याला शास्त्रबाह्य वाटू लागतो.

बकरी ईद : वाटा आणि कायदा

बकरी ईदच्या कुर्बानीत एक शेळी वा मेंढी एका व्यक्तीच्या नावे होते. मोठ्या जनावरात मात्र सात जणांचा वाटा असू शकतो. जनावर निरोगी, निर्व्यंग आणि ठरावीक वयाचे असावे लागते. सोलापूर व धाराशिव परिसरातील काळ्या रंगाची उस्मानाबादी शेळी या दिवसांत मागणीत असते आणि सांगोल्यासारखे जनावरांचे बाजार या काळात गजबजतात. शेळीपालन करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला ईदच्या आधीचे दिवस उत्पन्नाचे असतात. हा शेतकरी बहुधा मुस्लिमेतर असतो. त्या अर्थाने या सणाचे अर्थकारण दोन्ही समाजांचे आहे.

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यान्वये गोहत्येला बंदी होती. या कायद्यातील १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ही बंदी बैल आणि वळू यांनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेरून आलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हैसवर्गीय जनावरांना ही बंदी लागू नाही. या कायद्याच्या इष्टानिष्टतेची चर्चा हा येथील विषय नाही. सणाच्या अन्नावरील त्याचा परिणाम मात्र नोंदवला पाहिजे. सात जणांच्या वाट्याचा पर्याय आकसला की अल्प उत्पन्नाच्या कुटुंबापुढे महागडी शेळी किंवा कुर्बानीवाचून ईद एवढेच मार्ग उरू शकतात. शिवाय लहान जनावराचे तीन वाटे केल्यावर गरिबाच्या वाट्याला येणारे मांसही तेवढेच कमी होते. म्हणजेच परिणाम पाककृतीपेक्षा वाटपावर अधिक होतो.

शेजार, परतफेड आणि बदल

रमजान ईदचा शीरखुर्मा शाकाहारी असल्याने तो शेजारधर्माचा पदार्थ ठरला. ईदला डब्यातून गेलेल्या शीरखुर्म्याची परतफेड दिवाळीच्या फराळाने होते. जी घरे मुस्लिम घरचे शिजवलेले अन्न घेत नसत, त्यांच्याकडे शेवया, साखर व सुकामेवा असा कोरडा शिधा पाठवण्याची रीतही होती. या रीतीत स्नेह होता, तसा सोवळ्याचा अडसरही होता. तो अडसर मान्य करूनही देणाऱ्याने देणे थांबवले नाही, ही बाब सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

आज या व्यवहारात वेगाने बदल होत आहेत. हातच्या शेवयांची जागा यंत्रावरच्या आणि पाकीटबंद शेवयांनी घेतली आहे. चोंग्यांवरची नक्षी, खिचड्यातील धान्यांचे प्रमाण, शेवयांच्या कणकेचा घट्टपणा हे ज्ञान स्त्रियांच्या हातात आहे. ते फारसे लिहिले गेलेले नाही. शिवाय मिश्र वस्तीच्या गल्ल्यांऐवजी एकजिनसी वसाहती वाढल्या की डबा पोहोचवण्याचे अंतरही वाढते. पदार्थ टिकतो, बाजारात मिळतो, पण तो ज्या हातांतून ज्या हातांत जात होता ती साखळी तुटते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मुस्लिम सणांचे खाद्यपदार्थ जगभर एकसारखे नाहीत. तांदूळ-नारळाचा किनारा आणि गहू-गुळाचे पठार हा भेद महाराष्ट्रातच स्पष्ट दिसतो. दुसरा असा की, फिरत्या चांद्र वर्षामुळे या सणांनी साठवणीच्या जिनसांना महत्त्व दिले आणि त्यांची बेगमी स्थानिक स्त्रियांच्या उन्हाळी कामाशी जोडली गेली. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. या परंपरेचा गाभा पाककृतीत नसून वाटपात आहे. म्हणून तिची स्थिती अजमावताना 'पदार्थ अजून होतो का?' एवढेच न विचारता 'तो कोणाच्या घरी पोहोचतो?' हेही विचारले पाहिजे.

महाविद्यालयीन स्तरावर समाजशास्त्र, इतिहास, गृहविज्ञान आणि मराठी या विषयांच्या प्रकल्पांत अशा पदार्थांची नोंद सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील ज्येष्ठ स्त्रियांकडून चोंगे, खिचडा आणि शेवया यांची कृती, त्यांचे प्रसंग आणि त्यांचे वाटेकरी लिहून घेतले, तर प्रादेशिक इतिहासाला अस्सल साधन उपलब्ध होईल. ज्यांच्या हातात हे ज्ञान आहे ती पिढी वयोवृद्ध होत असल्याने हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.